मऊ तोंडाचे मासे

बोईसरजवळच्या आमच्या दांडीच्या समुद्राचा तळ दांडीतल्या कुणीच पाहिलेला नाही. आमचं पाणी गढूळ, दुधाचा चहा असतो तसलं. हात घातला की मनगटाच्या पुढची बोटं दिसेनाशी होतात. पिढ्यान्‌पिढ्या आमची माणसं या पाण्यावर जगली, पण त्याच्या पोटात काय आहे ते जाळ्यात येईल तेवढंच त्यांना ठाऊक. आणि मी, त्याच गावची पोरगी, लोकांना समुद्राचा तळ दाखवून पोट भरते. गावात या धंद्याची पहिल्यापासून थट्टाच झाली. "मासे धरायचं सोडून बगायला पैसे देतात?" असं काका म्हणायचा, आणि वर विचारायचा, "बगून झाल्यावर खायला तरी घालता का त्यांना?"

थंडी सुरू झाली की मी बोईसरहून माणसं गोळा करते आणि मालवणला नेते. कारखान्यांतले साहेब लोक, शाळेतल्या बाई, नुकतं लग्न झालेली जोडपी. एक जण हमखास विचारतो, "मॅडम, शार्क नाही ना?" आणि त्याच्याच शेजारी बसलेला विचारतो, "शार्क दिसेल ना?" दोघांना मी एकच उत्तर देते, ज्याचं त्याचं नशीब. हल्ली मोबाइलवर व्हिडिओ बघून लोकांना परदेशातल्या गोड्या पाण्याच्या गुहाही हव्या असतात. निळंशार पाणी, वरून पडणारी उन्हाची तिरीप, वगैरे. माझ्याकडे गोड्या पाण्याची जागा एकच. एडवणला माझ्या मैत्रिणीच्या सासरच्या वाडीत एक बावखल आहे, म्हणजे केळीला आणि पानवेलींना पाणी द्यायला कुणा पणजोबाने खणलेलं तळं. चारी बाजूंनी झाडं अशी ओणवी झाली आहेत की आत भरदुपारी सावली असते. हीच आपली गुहा समजा, असं मी सांगते, आणि सगळ्यांचा सराव तिथेच करून घेते.

सरावात अवघड असं काही नाही. अंगात लाइफ जॅकेट, डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी. पाण्यावर पालथं पडायचं आणि खाली बघायचं. बुडी मारायची नाही, हातपाय झाडायचे नाहीत. पण पाण्यात तोंड घातलं की माणूस श्वास घेतच नाही. नळी आहे, हवा आहे, सगळं त्याला कळत असतं, तरी छाती ऐकत नाही. मी शेजारी तरंगत हात धरून ठेवते आणि वाट बघते. कधीतरी तो पहिला श्वास घेतो, नळीतून घुर्र असा आवाज येतो, आणि मग त्याच्या हाताची मूठ सैल पडते. मला या कामातलं सगळ्यांत आवडतं ते एवढंच. बाकी सगळं लोकांचे फोटो काढणं आहे.

मी हे काम शिकत होते त्याच हिवाळ्यात बा गेला.

काकाच्या बोटीवर होते दोघं भाऊ आणि गावातलेच आणखी काही जण. पहाटे जाळं ओढताना दोर बाच्या पायात गुंतला आणि दोराबरोबर तोही गेला. काका त्याच्यापासून हातभर अंतरावर होता. सांगताना अजूनही काका तो हात पुढे करून दाखवतो, एवढा, एवढा लांब होता म्हणतो, आणि मग त्या हाताचं काय करावं ते त्याला सुचत नाही. त्यांनी इंजिन बंद केलं, घिरट्या घातल्या, गावातल्या सगळ्या बोटी निघाल्या. आमच्याकडे समुद्र माणूस ठेवून घेत नाही, कुठेतरी आणून टाकतो, असं म्हणतात. म्हणून सगळ्या किनाऱ्यावर, खाली थेट दातिवऱ्यापर्यंत, निरोप गेले. लोक ओहोटीला चिखल तुडवत फिरले. बा कुठेच आला नाही.

आमच्यात एक रीत आहे. समुद्राने नेलेला माणूस सापडला नाही, तर क्रिया होईस्तोवर त्या घरात मासा शिजत नाही. का ते कुणी बोलून दाखवत नाही. मासे काय काय खातात हे मासे विकणाऱ्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. मग घरची माणसं दर्भाचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, दिवस घालतात, आणि शेवटच्या दिवशी तिखटाचं जेवण करतात. त्या दिवशी चुलीवर पुन्हा मासा चढतो आणि घर पुढे चालू लागतं.

आमच्या घराला आईने पुढे चालू दिलं नाही.

"मढं दाखवा, मंग रडते," असं तिने पहिल्याच महिन्यात सगळ्यांना ऐकवलं, आणि त्यानंतर त्या विषयावर तोंड उघडलं नाही. कुंकू लावत राहिली. हातातला हिरवा चुडा तसाच. बायका मागून कुजबुजायच्या, तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती, कारण आईच्या जिभेची ख्याती मोठी. माशांची पाटी मात्र तिने उलटी करून ठेवली ती ठेवलीच. जन्मभर मासे विकलेली बाई चिंचणीच्या वाड्यांतली भाजी घेऊन बोईसरच्या बाजारात बसू लागली. "लेलो भैया, ताजा हाय, सुबे का हाय," असं कारखान्यातून सुटलेल्या माणसांना पुकारायची. वालाच्या शेंगा विकतानाही हात तसाच फिरायचा, माशावरचं पाणी निथळवल्यासारखा. ते बघून मला हसू यायचं आणि लगेच मी दुसरीकडे बघायचे.

मी मात्र शहाणी. मी मासे खात होते, तिच्या देखत नाही, पण तिला माहीत असेल असं. बोईसरच्या खानावळीत, मालवणला, मिळेल तिथे. तिच्याशी वादही घालायचे. क्रिया करून टाक म्हणायचे. बा गेला हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत आहे, तू कुणाची वाट बघतेस, असं मी तिला एकदा नाही, पुष्कळदा म्हटलं आहे. ती शेंगा निवडत राहायची. पाण्यात भ्यायलेल्या अनोळखी माणसाचा हात मी तासभर धरून ठेवते, आणि घरी आले की माझ्यातला धीर संपलेला असायचा.

गेल्या वर्षी काकाच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, माणसं चांगली. पण भावकीत एकाची क्रिया राहिलेली असताना मांडव कसा घालायचा, असं सगळे म्हणू लागले. मुलाकडची माणसंही जरा चाचरली. काका एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसला. आईने चहा दिला. चहा निवला तरी त्याने कप उचलला नाही.

"वैनी," तो म्हणाला, "मी काय जोर नाय करत. तुमी नाय म्हनलात तर लगीन मोडतो. पन एक डाव इचार करा."

आईने त्याच्याकडे बघितलं नाही. तो गेल्यावर त्याचा निवलेला कप उचलत ती मला म्हणाली, "तू लोकांना तळ दाखवतेस ना. मला दाखव."

मी म्हटलं, "आई, ते मालवणला. तिथलं पाणी वेगळं."

"वेगळं कसं? मदी भिंत हाय?"

भिंत नव्हती.

मी तिला आधी एडवणला नेलं. आईला पोहता येत नाही. बाहेरच्या माणसांना याचं नवल वाटतं, पण आमच्याकडच्या बऱ्याच बायकांना येत नाही. आम्हाला समुद्र गुडघ्याएवढा, बोटीतून पाट्या उतरवून घ्यायला लागतो तेवढाच. साडी सोडून मॅक्सी घालायला ती तयार झाली, लाइफ जॅकेटही घातलं, पण बांगड्या काढते का विचारलं तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गुपचूप मास्क हातात घेतला. मास्कच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून आम्ही आतून थुंकी लावतो. ते बघून ती म्हणाली, "एवढे पैसे घेऊन लोकांना थुकायला शिकवतेस?" माझी मैत्रीण काठावर हसून हसून बेजार झाली.

नळी तोंडात गेली की माणसाला बोलता येत नाही, हा आईसाठी खरा पेच होता. दर दोन मिनिटांनी ती डोकं वर काढायची, नळी काढायची, काहीतरी ऐकवायची. पाणी थंड हाय. हे जाकीट गळ्याला लागतं. तुजी मैत्रीण बारीक झाली. मी तिचा हात धरून होते. बांगड्या माझ्या मनगटावर घासत होत्या. शेवटी बोलण्यासारखं सगळं संपलं आणि तिने तोंड पाण्यात घातलं. मी नेहमीसारखी वाट बघितली. त्या घुर्र आवाजाची वाट. किती वेळ तो आला नाही. आणि आला तेव्हा मला रडू फुटलं, कारण माझी आई पाण्यात श्वास घेत होती, आणि तेच बाला करता आलं नव्हतं.

"काय दिसलं?" मी नंतर विचारलं.

"पानं," ती म्हणाली. "कुजलेली पानं."

मालवणला जाताना तिने भाकऱ्या आणि लसणाची चटणी बांधून घेतली. गाडीत समोरच्या बाईशी गप्पा मारल्या, तिला भाजी कशी निवडायची ते शिकवलं, माझं लग्न कसं जमत नाही तेही सांगितलं. त्या खेपेला मी दुसरं कुणी गिऱ्हाईक घेतलं नव्हतं. बोटवाला ओळखीचा, मी शिकले ती त्याच्याच हाताखाली. त्याला फोनवर म्हटलं होतं, आईला आणते आहे. बाबद्दल बोलले नव्हते. बोलायला हवं होतं असं तेव्हा वाटलं नाही.

पाणी त्या सकाळी फार स्वच्छ होतं. बोटीच्या कडेवरूनच खालचे खडक दिसत होते. आई कडेला धरून बघत राहिली. एवढं आयुष्य समुद्राकाठी गेलं, आणि पाण्याच्या आत उजेड जातो हे ती पहिल्यांदा बघत होती. मी आधी उतरले, तिला शिडीवरून घेतलं. ती उतरत असताना बोटवाल्याने वरून तिच्या मुठीत काहीतरी कोंबलं. "आये, हात उघड गो खाली," तो म्हणाला. मला वाटलं, धीर द्यायला हात दाबला.

आम्ही दोघी पालथ्या पडलो. खाली प्रवाळ होतं. मालवणचं प्रवाळ काही चित्रातल्यासारखं रंगीत नसतं. तपकिरी, करडं, फुलकोबीचे गड्डे मांडून ठेवल्यासारखं. मी आईला बोटाने दाखवत होते. ती तिकडे बघत नव्हती. दोन खडकांच्या मधली चीर आली की ती थांबायची. वाळूचा मोकळा तुकडा आला की थांबायची. डोकं इकडून तिकडे फिरवून नीट बघायची, घरात हरवलेली वस्तू शोधावी तसं. ती काय शोधते आहे ते मला कळत होतं. दांडीतच कळलं होतं, एडवणलाही कळलं होतं. तरी ते डोळ्यांनी बघणं मला सोसेना. मास्कच्या आत माझे डोळे भरले, आणि मास्कमध्ये डोळे पुसता येत नाहीत.

मग तिने मूठ उघडली.

पाव होता. बोटवाले पर्यटकांना देतात तो पाव, मासे जवळ यावेत, फोटो छान यावेत म्हणून. माझ्या गटात मी ते बंद केलं आहे, त्याने माशांच्या खाण्याची घडी बिघडते. पण त्या माणसाने बिचाऱ्याने मायेने दिला होता, आपल्या शिष्येची आई म्हणून. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे कुठून आले कळलं नाही. एकदम आले, झुंडीने. आईच्या बोटांवर, तळव्यावर, बांगड्यांच्या मधे. तिचा हात दिसेनासा झाला. आणि ते खात होते.

ज्या गोष्टीमुळे आमच्या घरात चूल माशाला मुकली होती, ती गोष्ट तिच्या स्वतःच्या हातावर चालली होती. मी तिला मागे ओढलं. तिने हात हिसकून घेतला. मी पुन्हा ओढलं. तिने दुसऱ्या हाताने मला चक्क ढकललं, लहानपणी चुलीजवळून ढकलायची तसं, आणि तो हात तसाच पुढे धरून ठेवला. पाव संपला. मासे गेले नाहीत. ते तिच्या कातडीला तोंड लावत राहिले, मनगटाला, नखांना. ती हलली नाही. नळीतून श्वास येत होता, जात होता, एका लयीत. तेवढ्या शांतपणे श्वास घेणारं माणूस मी त्या कामात दुसरं पाहिलेलं नाही.

बऱ्याच वेळाने तिने डोकं वर काढलं आणि नळी बाजूला केली.

"चावत नाय गं," ती म्हणाली.

आणि पुन्हा तोंड पाण्यात घातलं.

बोटीत मी तिला टॉवेलात गुंडाळलं. बोटवाला गरम चहा ओतत होता. आई आपली बोटं एकेक करून बघत होती, उलटी करून, सुलटी करून.

"मऊ तोंड हाय त्यांचं," ती म्हणाली. "येवडी वरसं मासे कापले, तोंड कुनी बगतंय? मला आपलं वाटायचं..." तिने चहाचा घोट घेतला. मग म्हणाली, "दुखलं नसल त्याला."

मी इंजिनाकडे बघत बसले.

"काकाला सांग," ती म्हणाली, "पोरीचं लगीन नको अडकवू. कर म्हनावं काय ते."

इतकी वर्षं मला वाटत होतं, ती बाची वाट बघते आहे. मी तिला वेडी म्हणत होते, मनातल्या मनात आणि कधी तोंडावरही. ती वाट बघतच नव्हती. बा गेला हे तिला माझ्याआधी कळलं होतं. त्याला खाली काय काय सोसावं लागलं असेल, एवढ्या एका विचारापाशी ती अडकली होती, आणि तो विचार कुणाला सांगण्यासारखा नव्हता. मढं दाखवा म्हणत होती ती, त्याला किती लागलंय ते बघायला.

क्रिया दांडीच्या किनाऱ्यावर झाली. काकाने दर्भाच्या पुतळ्याला अग्नी दिला आणि त्याचा तो हात पुन्हा पुढे झाला, एवढा, हातभर. या वेळी आईने तो धरला. चुडा फोडायला बायका पुढे आल्या तेव्हा आई म्हणाली, "फोडायच्या कशाला." तिचे हात एव्हाना इतके वाळले होते की बांगड्या आपसूक निघाल्या. तिने त्या काठावर वाळूत ठेवल्या आणि भरतीची वाट न बघता घरी आली. रडली, पुष्कळ रडली, पण मोकळं झालेलं माणूस रडतं तसं. मी सगळ्यांना पाणी देत होते, पाट मांडत होते, आल्यागेल्याची विचारपूस करत होते. सगळे म्हणाले, पोर कशी खंबीर आहे.

शेवटच्या दिवशी तिखटाचं जेवण. आईने कुणाला चुलीपाशी येऊ दिलं नाही. बोय मासळी आणली होती काकाने, बाला आवडायची ती. घरात कालवण शिजल्याचा वास आला आणि मला एकदम वाटलं, बा येईल आता, पाय धुऊन. पंगत बसली. सगळ्यांचं लक्ष आईकडे. तिने घास घेतला, नीट चावला, गिळला. काकाने मान खाली घातली. मग तिने माझ्या ताटातल्या तुकडीचे काटे काढले, मी लहान असताना काढायची तसे, आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

मी घास उचलला. बोईसरच्या खानावळीत आठवड्यातून दोनदा सहज खाल्लेला मासा माझ्या तोंडापर्यंत जाईना. बा रात्री उशिरा बोटीवरून यायचा तेव्हा आई जागी राहायची आणि मी बिनघोर झोपायचे, कारण वाट बघायचं काम ती करत होती. इतकी वर्षं मी तेच करत होते. तिच्या हातात हिरवा चुडा होता म्हणून मला शहाणपण सुचत होतं. आता घरात कुंकू नव्हतं, चुडा नव्हता, माझ्या आणि त्या बातमीच्या मधे कुणी उभं नव्हतं. बा येणार नाही, हे मला त्या ताटावर कळलं.

"नको," मी म्हटलं.

कुणीतरी म्हणालं, खा गं, रीत आहे. आईने त्या बाईला हातानेच गप्प केलं. माझ्या ताटातली तुकडी उचलून तिने आपल्या ताटात घेतली.

"राहू दे," ती म्हणाली. "तुजं अजून झालं नाय."

काकाच्या मुलीचं लग्न झालं, छान झालं. आईने पाटी पुन्हा सुलटी केली. आता ती बोईसरला मासेच विकते, आणि भाव करणाऱ्याला पूर्वीसारखंच फैलावर घेते. या हिवाळ्यातही मी माणसं मालवणला नेली. पट्ट्यांचे मासे जवळ आले की लोक हरखतात, मी त्यांचे फोटो काढते आणि लगेच माझे हात पोटाशी ओढून घेते. आमच्या घरी आता दोन भांडी चढतात, एकात तिचं कालवण आणि दुसऱ्यात माझी भाजी. ती भाजी चिंचणीहून आई स्वतः निवडून आणते, आणि कधीपर्यंत, असं तिने मला एकदाही विचारलेलं नाही.